विषाणुजन्य तापातून उठल्यावर आसने आणि श्वसन कसे सुरू करावे

फ्लू, कोविड, चिकनगुनिया किंवा साधा व्हायरल ताप, यांतून नुकत्याच उठलेल्या माणसाला हल्ली पहिल्याच दिवशी कपालभाती करायला सांगितली जाते, आणि हा सल्ला मला घातक वाटतो. योगाभ्यासाने विषाणू मरत नाही. अंथरुणात पडून उथळ झालेला श्वास, आखडलेली पाठ आणि बिघडलेली झोप पूर्वपदावर यायला मात्र त्याची चांगली मदत होते, तीही अभ्यास सौम्य ठेवला तरच.

तापाचे औषध न घेता निदान दोन दिवस ताप आलेला नसावा आणि घरातल्या घरात चालताना धाप लागत नसावी. त्यानंतरच सुरुवात करावी. डेंग्यूत तर ताप उतरण्याच्या सुमारासच, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, धोका सर्वाधिक असतो, त्यामुळे डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय सतरंजी अंथरूच नये. विषाणूमुळे कधी कधी हृदयाच्या स्नायूंनाही सूज येते. छातीत दुखत असेल, धडधडत असेल किंवा भोवळ येत असेल, तर आसनांचा विचार सोडून आधी तपासणी करून घ्यावी.

पहिली पायरी मकरासनाची. पालथे झोपून हातांच्या घडीवर कपाळ टेकवावे आणि तीन ते पाच मिनिटे स्वस्थ पडावे. कोविडच्या काळात रुग्णालयांत रुग्णांना पालथे झोपवत, कारण त्या स्थितीत फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागात हवा अधिक चांगली खेळते. गरोदर स्त्रियांनी आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी कुशीवर झोपावे.

दुसरी पायरी श्वासाची, आणि खरी अडचण इथेच येते. ‘दीर्घ श्वास घ्या’ असे आजारातून उठलेल्या माणसाला कोणीही सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. ते ऐकताच तो खांदे उचलतो, मान ताणतो, छाती फुगवतो आणि पोट आत ओढतो. मग श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, खाली उतरायला वावच राहत नाही. असे जोरकस श्वास लागोपाठ घेतले की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि आपली फुप्फुसेच निकामी झाली की काय, अशी भीती त्याच्या मनात बसते. शिकवताना मी सर्वाधिक झगडलो तो याच पायरीवर. श्वास घेण्याकडे दुर्लक्ष करून तो सोडण्याकडे लक्ष द्यायला सांगू लागलो, तेव्हाच ती सुटली.

उताणे झोपून गुडघे वाकवावेत, एक हात नाभीवर आणि दुसरा छातीवर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास सोडत पोटावरचा हात आपोआप खाली जाऊ द्यावा. श्वास संपल्यावर क्षणभर काहीही करू नये. पुढचा श्वास ओढून न घेता आपणहून आत येऊ द्यावा. छातीवरचा हात जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. हे जमल्यावर मनात तीन अंक मोजत श्वास घ्यावा आणि चार अंक मोजत सोडावा. काही दिवसांनी तीनास पाच, त्यानंतर चारास सहा, एवढेच प्रमाण पुरे आहे. रेचक, म्हणजे श्वास सोडणे, जास्त लांबला का, याची खूण सोपी आहे: त्यानंतरचा श्वास घाईने, आवाज करत आत आला तर एक अंक कमी करावा. रेचकाच्या शेवटी खोकला येत असेल, तर पाठीखाली लोड घेऊन अर्धवट बसावे आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडावा.

या पायरीवर सर्वाधिक हट्ट करतात ती पूर्वी नियमित प्राणायाम करणारी माणसे. आजारापूर्वीचे आकडे त्यांनी विसरावेत. कुंभक (श्वास रोखून धरणे), भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोराने श्वास घेणे-सोडणे) आणि कपालभाती तर खोकला व थकवा पूर्ण जाईपर्यंत वर्ज्यच समजावेत.

तिसऱ्या पायरीत श्वासाच्या लयीत मार्जारासन (हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन पाठ वर-खाली वाकवणे) आणि ताडासन (ताठ उभे राहून हात वर ताणणे) तीन-चार वेळा करावे. चिकनगुनियाने मनगटे दुखत असतील, तर मार्जारासन खुर्चीवर बसून करावे.

चौथ्या पायरीत पोटऱ्या खुर्चीवर टेकवून पाच मिनिटे पडावे, मग बसून कुंभकाविना अनुलोम-विलोम आणि पाच-सहा वेळा भ्रामरी करावी. शेवटी शवासन, आणि ते कधीही गाळू नये.

हे सर्व वीस मिनिटांत आटोपावे. करताना काय वाटले, यावरून वेळ वाढवू नये, कारण विषाणुजन्य आजारानंतरचा थकवा पुष्कळदा एक-दोन दिवस उशिरा जाणवतो. नेहमीची कामे करूनही दोन दिवस बरे वाटले, तर पाच मिनिटे वाढवावीत. अंग जड झाले, तर निम्म्यावर यावे. थोड्याशा श्रमानेही पुन्हा पुन्हा गळून जायला होत असेल, तर वेळ वाढवण्याचा प्रयत्न थांबवून डॉक्टरांना सांगावे. सूर्यनमस्कारांकडे वळायचे ते दोन मजले न थांबता, बोलत बोलत चढता येऊ लागल्यावरच, आणि तेही पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनच.