आंब्याच्या हंगामाआधी व्हॉट्सॲपला एकावर एक कुलपं

देवगड-रत्नागिरीकडे पेट्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच येतात. कुणी गोड बोलून ओटीपी काढून घेतला की खातं चोराच्या हातात जातं आणि गिऱ्हाइकं आगाऊ पैसे त्यालाच पाठवतात.

१. सेटिंग्जमधून टू-स्टेप व्हेरिफिकेशन (ओटीपीखेरीज आणखी एक पिन मागणारं कुलूप) चालू करा, ६ आकडी पिन ठेवा. ईमेल जोडाच, नाहीतर पिन विसरलात तर ऐन हंगामात ७ दिवस अडकाल. त्या ईमेललाही टू-स्टेप हवंच.

२. 'लिंक्ड डिव्हाइसेस' तपासा. गेल्या हंगामातल्या मदतनीसाचा लॅपटॉप तिथे राहून गेलेला असू शकतो. लॉग आउट करा.

३. गिऱ्हाइकांचे पैसे घ्यायच्या क्यूआर कोडसाठी वेगळं बँक खातं ठेवा. रोज संध्याकाळी रक्कम मुख्य खात्यात वळवा.

सिमलाही पिन लावा, पण मूळ पिन कंपनीला विचारूनच. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि ते उघडायला पीयूके कोड (कंपनीकडून मिळणारा) लागतो.