शॉप फ्लोअरवरचा ‘बाका’

चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून माझा पहिला आठवडा होता. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी पास होऊन जेमतेम दोन महिने झालेले. जपानी तज्ज्ञ पार्ट पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरवर वाकले आणि म्हणाले, "कोरे, बाका नी नात्तेरु." माझ्या कानात ‘बाका’ तेवढा शिरला. बाका म्हणजे मूर्ख, हे ॲनिमे बघणाऱ्या पोरांनाही ठाऊक असतं. मी गप्प झाले. शेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरचा चेहरा उतरला. "मॅडम, मला काही बोलले का ते?"

तज्ज्ञांनी ॲलन की लावून दाखवली. स्क्रू जागच्या जागी नुसता फिरत होता, आवळतच नव्हता. आटे गेले होते. जपानीत याला स्क्रू ‘बाका झाला’ म्हणतात. सर्दीने वास येईनासा झाला की नाकही बाका होतं. ड्रॉइंगवर बोलताना ‘बाका-आना’ येईल: बोल्ट सहज आरपार जावा म्हणून त्याच्यापेक्षा मोठं ठेवलेलं, बिनआट्याचं भोक. यांपैकी काहीच मला क्लासमध्ये भेटलं नव्हतं. या कामात नव्याने येणाऱ्यांनी हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत.

पण हाच शब्द माणसाला लागला की काय होतं, तेही कारखान्यातच कळतं. चूक होऊच नये म्हणून कामात केलेली सोय, जिला ऑडिटला आपण ‘पोका-योके’ म्हणतो, तिचं आधीचं नाव ‘बाका-योके’ होतं, म्हणजे मूर्खांपासून बचाव. 1960च्या दशकात एका कामगार बाईंना ते नाव फार लागलं. "मी एवढी मूर्ख आहे का?" म्हणून त्या रडल्या. जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी नाव बदललं. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक. एका शब्दासरशी दोष माणसावरून चुकीवर गेला, आणि मला ही गोष्ट त्या तंत्राइतकीच मोलाची वाटते.

जपानच्या संसदेत तर याहून मोठं घडलं. 1953मध्ये पंतप्रधान शिगेरु योशिदा समितीच्या बैठकीत ‘बाकायारो’ (मूर्ख कुठला!) एवढंच पुटपुटले आणि त्यातून कनिष्ठ सभागृह बरखास्त होण्यापर्यंत वेळ आली.

उलट, लेकराचं कौतुक करताना न थकणारा बाप स्वतःलाच ‘ओया-बाका’ म्हणवून घेतो. त्यात लाडच असतो.

पुढे ट्रेनिंगसाठी ओसाकाला तीन महिने होते. तिकडचा रोजचा शब्द ‘आहो’. अर्थ तोच, पण मित्राने हसत "आहो याना" म्हटलं तर ती जवळीक. त्याच माणसाला ‘बाका’ म्हटलं तर तो दुखावतो. टोकियोकडे बरेचदा उलटं, तिथे आहोच जास्त झोंबतो. जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन लावून "अहो, ऐकताय ना?" म्हटलं, तर टेबलावरच्या सगळ्यांनी चमकून वर पाहिलं. मराठीत नवऱ्याला मानाने अशी हाक मारतात, हे सांगितल्यावर एक वयस्क बाई म्हणाल्या, आमच्याकडेही बायका नवऱ्याला म्हणतात, पण मानाने नाही!

दोन्ही शब्द ओळखा, स्वतः वापरू नका. ती मोकळीक मिळायला वर्षं जातात. आणि कधी खरोखर रागाने ‘बाकायारो’ निघालाच, तर ऑपरेटरला मी शब्द सांगत नाही, राग आणि कारण सांगते: "सर चिडलेत, टॉर्क न तपासता पार्ट पुढे गेला म्हणून."