जुन्या सुती साडीचे दुपटे कसे शिवावे

बारशाला दुपटे शिवून न्यायचे ठरले की बहुतेकांचा सगळा विचार वरच्या नक्षीवर खर्च होतो. ठिगळे चौकोनी असावीत की तिकोनी, दोरा लाल घ्यावा की पिवळा, मध्यभागी मोर काढावा की हत्ती, यावर घरात दोन-दोन दिवस चर्चा चालते. प्रत्यक्षात दुपटे बिघडते ते थर लावताना, पहिला पक्का टाका पडण्याच्या कितीतरी आधी, आणि तिथे झालेली चूक पुढे कितीही सुबक टाके घातले तरी झाकली जात नाही. त्यामुळे या लेखात नक्षीविषयी जवळजवळ काहीच नाही. सुईत दोरा ओवता येतो आणि सरळ धावदोरा घालता येतो, एवढे मी गृहीत धरते आहे.

कापड

बोहारणीसाठी बाजूला काढलेल्या साड्यांचे गाठोडे आधी उपसावे, कारण दुपट्यासाठी अनेक धुण्यांनी मऊ झालेल्या सुती साडीसारखे कापड दुकानात मिळत नाही. साडी सुती आहे हे विकणाऱ्याच्या किंवा आठवणीच्या भरवशावर मानू नये. काठाजवळचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि चिमटीत चुरगळणारी राख सोडतो, तर भेसळीचा धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. असा मणी झाला तर ती साडी बाळाच्या अंगाजवळ नेऊ नये. गडद लाल, निळ्या किंवा काळ्या साडीवर ओले पांढरे फडके घासून रंग जातो का तेही पाहावे. जरीचा काठ काढून टाकावा, कारण जर टोचते आणि तिचे सुटलेले टोक बाळाच्या बोटात अडकू शकते.

साडी खिडकीच्या उजेडात धरली की विरलेला भाग लगेच दिसतो. तो भाग मधल्या थरालाही वापरू नये. पाचवारी साडीची लांबी साधारण पाच ते साडेपाच मीटर आणि पन्हा ४५ इंचांच्या आसपास असतो, त्यामुळे विरलेला भाग वगळूनही एका साडीतून तिन्ही थर निघू शकतात. साडी कमी पडली तर मधल्या थरासाठी जुने धोतर उत्तम, आणि तेही नसेल तर मुंबईतल्या मंगलदास मार्केट या कापडबाजारातून दीड मीटर मऊ मांजरपाट आणावे. नवे मांजरपाट आटते, म्हणून ते आधी दोनदा गरम पाण्यातून काढावे.

थर तीनच असावेत. आत फोम किंवा कृत्रिम कापसाचा थर घालण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो, पण तो देणाऱ्याने मुंबईच्या जुलै महिन्यात खिडकीच्या दांडीवर असले दुपटे वाळत घातलेले नसावे. ते दिवसभरात वाळत नाही, दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो, आणि इथल्या दमट हवेत बाळाला तेवढ्या उबेची गरजही नसते. शिवाय एक वर्षाच्या आतले बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर सुटे पांघरूण घालू नये असे बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात. दुपटे मांडीवर घेताना, तेल लावताना आणि जागेपणी खाली अंथरायला वापरायचे असते, आणि त्यासाठी तीन थर पुरेसे होतात.

वरचा आणि मधला थर ३४ × ४४ इंचांचा, तर खालचा ३८ × ४८ इंचांचा घ्यावा. शिवताना कापड थोडे आक्रसते आणि कडा शेवटी छाटाव्या लागतात, हे धरून ही मापे आहेत. तयार दुपटे साधारण ३२ × ४२ इंचांचे होते.

थर लावणे

इथे घाई करणाऱ्याने पुढचा लेख वाचला नाही तरी चालेल. मी स्वतः या टप्प्यावर बराच काळ अडखळत असे, आणि तेव्हा मिळालेले बहुतेक सल्ले मला आज निरुपयोगी वाटतात, म्हणून हा भाग सविस्तर लिहिते.

थर सरकतात याची कारणे दोन आहेत. पहिले कारण कापडाच्या विणीत असते. साडीच्या लांबीच्या दिशेने जाणारा ताणा फारसा ताणला जात नाही, आडवा बाणा थोडा ताणला जातो आणि तिरक्या दिशेने कापड सर्वांत जास्त ताणले जाते. एका थराचा ताणा उभा आणि दुसऱ्याचा आडवा ठेवला, किंवा एखादा थर किंचित तिरका कापला गेला, तर धुतल्यावर प्रत्येक थर आपल्या मर्जीने वागतो आणि दुपट्याला पीळ पडतो. दुसरे कारण सुईत आहे. सुई प्रत्येक टाक्याला वरचा थर केसभर पुढे ढकलते, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचेपर्यंत त्या केसभराची बोटभर चुणी होते.

विणीचा बंदोबस्त आधी करावा. थर कात्रीने अंदाजे कापू नयेत. कापड धड असेल तर काठाला छोटी चीर देऊन ते फाडावे, म्हणजे ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटते; जुने आणि नाजूक असेल तर एक आडवा धागा ओढून काढावा आणि त्यामुळे पडलेल्या बारीक फटीवरून कात्री चालवावी. तिन्ही थरांचा ताणा दुपट्याच्या लांबीकडेच असला पाहिजे. मऊ मलमल अगदीच लुळी असेल, तर तिन्ही थरांना तांदळाच्या पेजेची पातळ खळ देऊन, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. खळीने कापडाला तात्पुरता कणा मिळतो आणि ते हाताखाली पळत नाही. ज्यांनी मला हे सांगितले त्यांनी एक गोष्ट सांगितली नव्हती, ती मी सांगते: खळ दिलेले कापड पावसाळ्यात अर्धवट शिवून कपाटात ठेवू नये. त्यावर बुरशी धरते आणि कसरही लागते. काम हाती घेतले की ते संपवावे आणि लगेच धुवावे.

आता जमीन. पलंगावर, गादीवर किंवा मांडीवर थर लावता येत नाहीत, कितीही जागा कमी असली तरी. आमच्यासारख्या लहान घरांत टीपॉय गॅलरीत काढून ठेवला की पुरेशी फरशी मोकळी होते. फरशी पुसून कोरडी करावी आणि पंखा बंद करावा. पंखा बंद करण्याला पर्याय नाही. घाम आला तरी चालेल, पण मलमलीचा थर पंख्याखाली सपाट बसत नाही. खालचा थर उलट्या बाजूने वर करून अंथरावा आणि त्याची एक कड दोन फरशांमधल्या सांध्याच्या रेषेवर जुळवावी. घरातली सर्वांत विश्वासू मोजपट्टी म्हणजे ही रेष होय, आणि दुसरी कड तिला काटकोनात जाणाऱ्या सांध्यावर आली की कापड चौरस बसले असे समजावे. मग चारही कोपरे आणि बाजूंचे मध्य कागदी चिकटपट्टीने फरशीला चिकटवावेत. कापड ताठ असावे, ताणलेले नसावे. ताणून चिकटवलेले कापड पट्टी काढताच आखडते आणि वरच्या दोन्ही थरांना फुगे येतात.

मधला आणि वरचा थर एकेक करून ठेवावा आणि प्रत्येक वेळी तळहात मध्यापासून कडेकडे फिरवावा. ओढू नये, फक्त हवा बाहेर काढावी. वरून पाहून समाधान झाले तरी एकदा डोके जमिनीला टेकवून कडेने पाहावे; बारीक झोळ असा आडव्या नजरेनेच दिसतो.

त्यानंतर कच्चा दोरा, म्हणजे थर तात्पुरते जोडून धरणारे मोठे टाके. टाचण्यांवर काम भागवू नये. आपल्या हवेत टाचणी दोन दिवसांतही गंजते, तिचा डाग जात नाही, आणि विरलेल्या मलमलीत तिचे भोक कायमचे राहते. फवारून चिकटवण्याचा गोंद मिळतो, पण तो बाळाच्या वस्तूत वापरावा असे मला कधीही वाटलेले नाही. लांब सुई, कापडाच्या रंगाहून अगदी वेगळा सुती दोरा आणि दीड-दोन इंचांचे टाके, एवढ्यावर हे काम होते. सुरुवात नेहमी मध्यातून करावी. लांब दोरा घेऊन त्याचा निम्मा भाग मध्यावर तसाच सोडून द्यावा, उरलेल्या निम्म्याने एका कडेपर्यंत टाके घालावेत, मग सोडलेला भाग सुईत ओवून विरुद्ध कडेपर्यंत जावे. सरकणारा कपडा अशाने दोन्ही बाजूंना बाहेर जातो, मध्ये अडकून राहत नाही. आधी उभी-आडवी अधिक खूण, मग दोन कर्ण, आणि नंतर चार-चार बोटांच्या अंतरावर समांतर ओळी घालाव्यात.

टाका घेताना डावा हात कापडाखाली घालण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि तिथेच सगळी मेहनत वाया जाते, कारण हात गेला की थर उचलला जातो आणि उचलला की सरकतो. डाव्या हातात स्टीलचा चमचा धरावा. सुईचे टोक फरशीला लागून वर येऊ लागले की चमच्याची कड त्याच्यापुढे कापडावर दाबावी. टोक तिच्यावर चढते आणि सुई ओढून घेता येते. कापड जमिनीवरून हलतही नाही.

चिकटपट्टी काढल्यावर दुपटे उलटून खालची बाजू पाहावी, मग वरचे दोन कोपरे धरून ते खिडकीसमोर उभे धरावे. कुठे फुगा दिसला तर तेवढ्याच भागाचा कच्चा दोरा काढून तो भाग पुन्हा बसवावा. ‘धुतल्यावर बसेल’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. पक्क्या टाक्यांत अडकलेला फुगा धुतल्यावर बसत नाही, त्याची घडी होते, आणि ती घडी नेमकी बाळाच्या पाठीखाली येते.

धावदोरा आणि किनार

कच्चा दोरा नीट पडला असेल तर पुढचे काम सोपे आहे. गावाकडच्या गोधड्यांप्रमाणे बाहेरून आत चौकोन घेत जावे किंवा सरळ ओळी घालाव्यात, फरक पडत नाही. ओळींमध्ये बोटभर अंतर ठेवावे, टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा, दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये आणि ओढून कापड आवळू नये. दोरा सुतीच घ्यावा. जुन्या कापडात त्याच्याहून चिवट कृत्रिम दोरा घातला तर ताण आल्यावर कापड फाटते आणि दोरा शाबूत राहतो. गाठ वर किंवा खाली कुठेही दिसता कामा नये, हलका हिसका देऊन ती थरांमध्ये ओढून घ्यावी. मशीनवर टीप मारायची असेल तर मशीनचे दात खालचा थर वरच्यापेक्षा भरभर ओढतात हे लक्षात ठेवून कच्च्या ओळी दोन-दोन बोटांवर घालाव्यात. माझे मत विचाराल तर हाताचे टाके घातलेले दुपटे अधिक मऊ पडते.

किनारीसाठी वरचे दोन थर सरळ छाटावेत, खालचा थर त्यांच्याबाहेर एक इंच ठेवावा, तो अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून वर आणावा आणि तुरपाई करावी. वेगळी पट्टी आणायची गरज नाही. नंतर कच्चा दोरा काढावा आणि एकही तुकडा आत राहिला नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहावे.

पहिली धुलाई भेट देण्याआधी घरीच करावी, म्हणजे खळ निघून जाते आणि कापड मोकळे होते. साधा सौम्य साबण पुरेसा आहे. सुवासिक द्रव घालू नये. ओले दुपटे एका कोपऱ्याला चिमटा लावून टांगले तर तिरके ओढले जाते, म्हणून ते दांडीवर मधोमध दुमडून घालावे. पावसाळ्यात आतला थर वाळला की नाही हे वरून हात लावून कळत नाही, तेव्हा शेवटी दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवावी आणि वाफ निघायची थांबल्यावरच घडी घालावी.