मोबाइल किंवा लॅपटॉप चोरीला गेला तर आधी काय करायचं, नंतर काय

गेल्या नवरात्रात माझ्या भाचीचा फोन बडोद्याच्या मंगळबजारात गेला. चनियाचोळीच्या दुकानासमोर ही गर्दी, पर्सची चेन अर्धी उघडी, आणि कळलं तेव्हा दहा मिनिटं होऊन गेली होती. माझ्या फोनवरून तिने तिच्या गुगल अकाउंटला लॉगिन करायला घेतलं तर गुगलने कोड मागितला, आणि तो कोड येणार कुठे, तर त्याच चोरलेल्या फोनवर! पोरगी रडायलाच लागली. म्हणून ही गोष्ट मी सगळ्यात आधी सांगते, कारण इथेच बहुतेकांचं अडतं.

गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन असतं, तिथे बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ आकडी दहा कोड. ते आज कागदावर उतरवून घरी ठेवा आणि एक कोड पाकिटात ठेवा, सोबत अकाउंटचं नाव लिहू नका म्हणजे झालं. पासवर्डसोबत तेवढा एक कोड असला की कोणाच्याही फोनवरून फाइंड हब, म्हणजे हरवलेला फोन नकाशावर शोधायची गुगलची सोय, उघडता येतं (आधी त्याला फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे). अँड्रॉइडमध्ये थेफ्ट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये रिमोट लॉक पण आहे, ते आधीच चालू करून ठेवलं असेल तर अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक वर जाऊन नुसत्या मोबाइल नंबरवरून स्क्रीन लॉक होते, पासवर्ड पण लागत नाही. आयफोनवाल्यांना हा त्रास कमी, आयक्लाउडच्या वेबसाइटवर फाइंड डिव्हाइसेससाठी कोड मागत नाहीत, पासवर्ड पाठ असला की पुरे.

आता फोन गेलाच आहे असं धरा. आधी लॉक करा, आयफोन असेल तर लॉस्ट मोडवर टाका, स्क्रीनवर घरच्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर दाखवा. लोकेशन दिसलं तर वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. मग लगेच सिम बंद करा. काही लोक म्हणतात सिम चालू ठेवा, लोकेशन मिळत राहील, पण मला ते पटत नाही, कारण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि मग बँकेचे ओटीपी त्याच्याकडे. बँकेला फोन करून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा, आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब, तिथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.

डेटा इरेज करायची घाई मात्र नको. अँड्रॉइड इरेज झाला की त्याचं लोकेशन दिसणं संपलं.

आणि नकाशावर ठिपका दिसला म्हणून भावाला, मित्रांना घेऊन तिकडे धावू नका, प्लीज. ठिपका म्हणजे घर नव्हे, तो एक गोल असतो आणि त्या गोलात चार इमारती येतात, तुम्ही कोणाचं दार वाजवणार? स्क्रीनशॉट पोलिसांना द्या.

तक्रारीसाठी लागतो आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, १५ आकडी, दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर. बिलावर आणि डब्यावर असतो. भाचीचा डबा आईने दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिलेला, बिल मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानदाराने पाठवलेलं सापडलं. आत्ता हे वाचताना *#०६# डायल करा आणि जे दिसेल ते घरातल्या दोघांना पाठवून ठेवा.

आपल्या गुजरातमध्ये २०२२ पासून मोबाइल चोरीची ई-एफआयआर घरबसल्या होते, पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून, पण चोर अनोळखी असला आणि मारहाण-जबरदस्ती झाली नसली तरच. हिसकावून नेलं असेल, किंवा लॅपटॉप असेल, तर सरळ पोलीस स्टेशन. ट्रेनमध्ये गेलं असेल तर हद्द कुठली हे आपण बघत बसायचं नाही, झिरो एफआयआर कुठेही घेतात, आणि १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनवर पण सांगा.

तक्रारीची कॉपी हातात आली की संचार साथी या सरकारी पोर्टलवर सीईआयआरमध्ये, म्हणजे आयएमईआयच्या देशभरच्या नोंदवहीत, फोन ब्लॉक करा. तिथे ओटीपी लागतो म्हणून आधी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घ्या, नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, तेव्हा एक दिवस धीर धरा. ब्लॉक झाल्यावर तो फोन देशात कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, आणि कोणी त्यात सिम घातलं तर पोलिसांना माग लागतो. फोन परत मिळतात ते बहुतेक यातूनच.

लॅपटॉपला आयएमईआय नसतो (सिमवाला असला तर वेगळं), तिथे सिरियल नंबर, तळाशी स्टिकरवर आणि बिलावर. विंडोजमध्ये फाइंड माय डिव्हाइस चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून शेवटचं लोकेशन दिसतं, पण नेटला जोडलेला असला तरच. खरं सांगू, लॅपटॉप मिळणं फोनपेक्षा अवघड, म्हणून आतला डेटा वाचवा: बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं फीचर) चालू ठेवा, त्याची ४८ आकडी रिकव्हरी की दुसरीकडे ठेवा, आणि चोरी झाल्याबरोबर दुसऱ्या मशीनवरून सगळीकडून साइन-आउट करून पासवर्ड बदला.

आठवड्याभराने एक मेसेज येऊ शकतो: तुमचा आयफोन सापडला, लोकेशन बघायला इथे क्लिक करा. तो चोराचाच. त्याला तुमचा पासवर्ड हवाय, कारण अ‍ॅक्टिव्हेशन लॉक, म्हणजे फोनला लागलेलं तुमच्या अ‍ॅपल अकाउंटचं कुलूप, असेपर्यंत तो फोन त्याच्या काही कामाचा नाही. कोणी कितीही गयावया केली, धमकी दिली, तरी फोन अकाउंटमधून काढू नका.

भाचीला चार महिन्यांनी पोलीस स्टेशनमधून फोन आला. फोन मुद्देमालात असतो, त्यामुळे ओळखपत्र, ओरिजिनल बिल आणि तक्रारीची कॉपी घेऊन जायचं. घरी आणून सिम घातलं तर नेटवर्कच नाही, सगळ्यांचे चेहरे उतरले. सीईआयआरमध्ये अनब्लॉक करायचं राहिलं होतं. त्याला ब्लॉक करतानाची रिक्वेस्ट आयडी लागते, ती तिने देवघरातल्या कॅलेंडरवर पेनने लिहून ठेवलेली होती.