आयलेट ग्राफ्टचं इमेजिंग करताय? सिग्नल पडला की लगेच 'रिजेक्शन' लिहू नका

डायबेटिक उंदरात ल्युसिफरेजवाले (ल्युसिफेरिनचं इंजेक्शन दिलं की उजेड पाडणारं एन्झाइम असलेले) आयलेट्स, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचे पुंजके, किडनीच्या आवरणाखाली घालायचे आणि त्यांच्या उजेडावरून रिजेक्शन, म्हणजे शरीराने ग्राफ्ट नाकारणं, ओळखायचं, या कामात नवीन मुलं त्याच त्याच चुका करतात. शुगर वाढेपर्यंत थांबलं तर बहुतेक बीटा पेशी गेलेल्या असतात, म्हणून तर इमेजिंग करतो. पण त्यामुळेच सिग्नल खोटा पडला तर शुगर बघून ते कळत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे एका रीडिंगवर निकाल. आमच्याकडे एका मुलाच्या उंदराचा सिग्नल दुसऱ्या आठवड्यात एकदम तळाला गेला, शुगर नॉर्मल, त्याला वाटलं शुगरच्या आधी रिजेक्शन पकडलं आणि त्याच दिवशी उंदीर सॅक्रिफाइस करून किडनी काप करून तपासायला पाठवली. इन्सुलिनचं स्टेनिंग भरगच्च, टी सेल्स (ग्राफ्टवर हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) जवळपास नाहीतच. विचारलं तेव्हा कळलं की इंजेक्शन देताना उंदीर जोरात हलला होता, म्हणजे ल्युसिफेरिन पोटाच्या पोकळीत न जाता बहुतेक आतड्यात गेलं. चांगला ग्राफ्ट असलेला उंदीर हकनाक गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मी काय करते सांगते. डोस 150 मिलिग्रॅम प्रति किलो, दरवेळी ताजं वजन करून. 'बरोबर दहाव्या मिनिटाला एक फोटो' हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, दर दोन मिनिटांनी फोटो घ्या आणि सिग्नल चढून उतरायला लागेपर्यंत थांबा, सगळ्यात वरचा आकडा तो खरा. कमी आला तर दुसऱ्या दिवशी परत, आणि इंजेक्शन दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगा.

दुसरी चूक, सिन्जेनिक ग्रुप (जनुकीयदृष्ट्या सारख्याच उंदराचे आयलेट्स दिलेला, म्हणजे रिजेक्शन न होणारा ग्रुप) न ठेवणं. पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजन कमी पडून आणि सूज येऊन बरेच आयलेट्स तसेही मरतात, त्यात टी सेल्सचा काही संबंध नसतो. नवीन रक्तवाहिन्या यायलाही एक-दोन आठवडे लागतात. मग तिसऱ्या दिवशीच्या घसरणीला रिजेक्शन कसं म्हणता? कमी उंदरांत भागवायला हा ग्रुप गाळायचा असेल तर प्रयोगच करू नका, स्पष्ट सांगते.

बारीकसारीक: काळ्या उंदराचे केस काढा, काळी फर उजेड खाते. दरवेळी त्याच कुशीवर झोपवा.

एमआरआयवाल्यांनो, आयलेट्सवर खूण म्हणून लावलेल्या लोहाचे काळे ठिपके म्हणजे जिवंत पेशी नव्हेत. आयलेट मेला तरी लोह तिथेच असतं, आजूबाजूच्या मॅक्रोफेज पेशी ते गिळून बसतात. आणि ट्रान्सप्लांटच्या आधीचा स्कॅन हवाच. जिनिव्हाच्या 2008 च्या स्टडीत चार पेशंट होते (माणसात आयलेट्स लिव्हरमध्ये सोडतात), त्यातल्या एकाचं लिव्हर आधीपासूनच लोहामुळे काळं दिसत होतं, अशा लिव्हरमध्ये ठिपके शोधणार कुठे?

स्ट्रेप्टोझोटोसिन (उंदराच्या बीटा पेशी मारून त्याला डायबेटिक करायचं औषध) 4.5 पीएचच्या सायट्रेट बफरमध्ये आयत्या वेळी विरघळवा, लगेच द्या. सकाळी करून ठेवलेलं दुपारी वापरलं तर स्वादुपिंडातल्या बीटा पेशी अर्धवट मरतात. म्हणून शेवटी ग्राफ्टवाली किडनी काढून शुगर परत चढते का ते बघाच. नाही चढली तर शुगर ग्राफ्ट नाही, उंदराच्या स्वतःच्या उरलेल्या पेशी सांभाळत होत्या, त्या उंदराचा डेटा बाजूला काढा.