डेक हरतो तेव्हा: मॅजिक खेळणाऱ्या नव्या खेळाडूंनी या चुका टाळाव्यात

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ नुकताच खेळू लागलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते. माझ्याकडे चांगली कार्डे आहेत, महागही आहेत, तरी मी हरतो. ही तक्रार खरी असते आणि ती करणाऱ्याची कार्डेही खरोखर चांगली असतात. पण त्याला एक साधा प्रश्न विचारला, की तुझ्या डेकला, म्हणजे खेळायला घेतलेल्या कार्डांच्या गड्डीला, डाव कधी संपवायचा आहे, तर उत्तर येत नाही. चौथ्या-पाचव्या पाळीला, की बाराव्या पाळीला, की हातात ठरावीक दोन कार्डे आली त्या क्षणी? नव्या खेळाडूंच्या बहुतेक चुका या एका न सुटलेल्या प्रश्नातून निघतात, असे माझे ठाम मत आहे, म्हणून पुढचे सगळे विवेचन याच प्रश्नाला धरून केले आहे.

रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तयार केलेला हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. रूढ प्रकारात डेक किमान ६० कार्डांचा असतो, मूलभूत लँड सोडल्यास एका नावाची चारच कार्डे ठेवता येतात, प्रत्येकाकडे २० लाइफ (संपले की डाव हरतो असे गुण) असते, सुरुवातीला सात कार्डे हातात येतात आणि एका पाळीत एकच लँड टाकता येते. लँड या कार्डांमधून मॅना, म्हणजे कार्डे खेळण्याची ऊर्जा, मिळतो आणि मॅना मोजून बाकीची कार्डे खेळायची. एका पाळीला एकच लँड या नियमामुळे वेळ हेच या खेळातले खरे भांडवल ठरते. ते कसे वापरायचे यावरून डेकची जुनी घराणी पडली: समोरचा सावरण्याआधी डाव संपवणारे आक्रमक डेक, डाव लांबवून शेवटी वरचढ होणारे कंट्रोल डेक, ठरावीक कार्डांच्या जुळणीवर जिंकणारे कॉम्बो डेक, आणि परिस्थिती पाहून कधी आक्रमक तर कधी बचावात्मक होणारे मिडरेंज डेक.

एका डेकमध्ये दोन डेक

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. गॉब्लिन गाइड हे एका लाल मॅनाचे क्रीचर, म्हणजे हल्ला करणारे आणि हल्ला अडवणारे कार्ड, घ्या. त्याची ताकद (ते करते तो मार, म्हणजे डॅमेज) दोन आणि सहनशक्तीही (ते मरायला लागणारे डॅमेज) दोनच. मात्र ते आल्याआल्या हल्ला करू शकते. त्याला एक मोठा तोटा जोडलेला आहे: ते हल्ला करते तेव्हा समोरच्याच्या डेकवरचे पहिले कार्ड उघडले जाते आणि ते लँड असेल तर समोरच्याच्या हातात जाते. म्हणजे प्रत्येक हल्ल्यागणिक तुम्ही प्रतिस्पर्ध्याला फुकट लँड देण्याची शक्यता असते. ज्या डेकला पाचव्या पाळीपर्यंत डाव संपवायचा आहे, त्याला ही किंमत परवडते, कारण ती जास्तीची लँड वापरायला समोरच्याला वेळच उरत नाही. हेच क्रीचर लांब चालणाऱ्या डेकमध्ये घातले, तर आपण स्वतःच्या हाताने शत्रूची रसद भरत असतो.

आता त्याच डेकमध्ये काउंटरस्पेलची चार कार्डे आहेत असे समजा. समोरच्याचे कार्ड लागू होण्याआधीच रद्द करायचे, तर समोरच्याच्या पाळीत दोन निळे मॅना शिल्लक ठेवावे लागतात. दुसऱ्या पाळीला दोन लँड समोर असताना तुम्ही नवे क्रीचर टाकाल, की मॅना राखून स्वस्थ बसाल? टाकले तर काउंटरस्पेल हातात कुजते, आणि बसलात तर गॉब्लिन एकटाच पुढे जाऊन मरतो. दोन्ही कार्डे उत्तम आहेत, पण ती एकमेकांचा वेळ खातात. क्रीचर आधी टाकून मग ते काउंटरस्पेलने राखणारे डेक असतात, हे खरे. पण त्यांची घडण फार काटेकोर असते आणि पहिला डेक म्हणून तो मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

यावर उपाय असा, की प्रत्येक कार्ड हातात घेऊन विचारावे: माझ्या डेकला ज्या पाळीला डाव संपवायचा आहे, त्या पाळीच्या हिशेबात हे कार्ड काय करते? उत्तर देताना 'तसे चांगले आहे' एवढेच म्हणावेसे वाटले, तर ते कार्ड बाजूला काढावे.

साठावर थांबता न येणे

आवडती कार्डे काढवत नाहीत म्हणून डेक ७० किंवा ८० कार्डांचा होतो. यात नेमके काय गमावले जाते ते आकड्यांत पाहू. ६० कार्डांच्या डेकमध्ये एखादे कार्ड चार वेळा असेल, तर सुरुवातीच्या सात कार्डांत त्यातले किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. डेक ८० कार्डांचा केला की तीच शक्यता सुमारे ३१ टक्क्यांवर येते. वाढवलेली वीस कार्डे कितीही चांगली असली, तरी तुमचे सर्वोत्तम कार्ड तुम्हाला कमी वेळा दिसू लागते. एखाद्या विशिष्ट कार्डाच्या अटीमुळे डेक मोठा ठेवावा लागतो तो अपवाद सोडला, तर साठ म्हणजे साठच.

लँडची काटछाट

कार्डे काढायची वेळ आली, की पहिली कुऱ्हाड लँडवर पडते, कारण लँड कंटाळवाणी वाटते. ६० कार्डांत २४ लँड असतील, तर सुरुवातीच्या सात कार्डांत एकही लँड न येण्याची किंवा एकच येण्याची शक्यता साधारण सात हातांत एकदा असते. लँड २० वर आणल्या तर हेच प्रमाण चार हातांत एकदा होते. याचा अर्थ २० लँडचा डेक चूक असतो असा नाही. ज्या आक्रमक डेकमधली बहुतेक कार्डे एक आणि दोन मॅनाची आहेत, त्याला दोन लँडवरही खेळता येते, म्हणून तो वीस-एकवीसवर भागवतो. पाच-सहा मॅनाची कार्डे बाळगून २० लँड ठेवणे मात्र अंगाशी येते.

इथे मोबाइलवर किंवा संगणकावर मॅजिक अरीना खेळणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना आहे. अरीनामध्ये एकाच डावाच्या सामन्यात सुरुवातीचा हात पूर्णपणे यदृच्छेवर सोडलेला नसतो. हातातल्या लँडचे प्रमाण डेकमधल्या प्रमाणाच्या जवळ राहावे, अशी सोय त्यात केलेली आहे. त्यामुळे कमी लँडचा डेक तिथे सुरळीत चालतो आणि तोच डेक टेबलावर, हाताने पत्ते पिसून खेळल्यावर अडखळतो. 'अरीनावर जिंकतो, प्रत्यक्षात लँडच येत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. डेक दोन्हीकडे वापरायचा असेल, तर अरीनावर त्याची चाचणी ही सोय नसलेल्या तीन डावांच्या सामन्यांत घ्यावी.

किमतीचा चढ न पाहणे

आपला डेक सतरंजीवर पसरावा. लँड बाजूला ठेवून एक मॅनाची कार्डे एका ओळीत, दोनची दुसऱ्या ओळीत, तीनची तिसऱ्या, असे लावावे आणि उभे राहून वरून पाहावे. आक्रमक डेक असेल तर डावीकडच्या ओळी लांब आणि उजवीकडे उतार दिसायला हवा. बऱ्याच नवख्या डेकमध्ये नेमके उलटे दिसते: एक आणि दोनच्या ओळीत पाच-सहा कार्डे, आणि चार-पाचच्या ओळीत गर्दी. असा डेक पहिल्या तीन पाळ्या काहीच करत नाही, आणि त्याच तीन पाळ्यांत समोरच्याचा गॉब्लिन सहा डॅमेज करून गेलेला असतो.

या रचनेचे महत्त्व पटवणारे एक जुने उदाहरण आहे. १९९६ मध्ये अटलांटा येथे पॉल स्लाय या खेळाडूने प्रो टूर या मॅजिकच्या व्यावसायिक स्पर्धांच्या पात्रता स्पर्धेत जे श्नायडर यांच्या कल्पनेवर बेतलेला एक लाल डेक खेळला आणि दुसरा क्रमांक मिळवला. त्या डेकमध्ये आयर्नक्लॉ ऑर्क्ससारखी कार्डे होती: दोन मॅनाचे, दोन ताकदीचे क्रीचर, ज्याला दोन किंवा अधिक ताकदीच्या क्रीचरला अडवताच येत नाही. एकेकटे पाहिले तर असे कार्ड कोणी हौसेने घेणार नाही. पण प्रत्येक पाळीला मिळणारा मॅना त्या पाळीतच पूर्ण खर्च व्हावा, अशी त्या डेकची किमतीनुसार जुळवणी होती, आणि हल्ला करणाऱ्या डेकला अडवता येण्याची गरज तशीही थोडीच असते. पुढे या धाटणीच्या डेकना स्लाय हेच नाव पडले.

आपली भूमिका ओळखण्यात चूक

ही चूक डेकमध्ये नसते, खेळणाऱ्यात असते, आणि म्हणून सापडायला सर्वांत अवघड जाते. मॅजिकवर लिहिणारे मायकेल फ्लोरेस यांनी १९९९ मध्ये या विषयावर लिहिलेला लेख आजही नव्या खेळाडूंना दाखवला जातो. त्याचा गाभा असा, की प्रत्येक सामन्यात दोघांपैकी एकाला हल्ल्याची आणि दुसऱ्याला बचावाची भूमिका घ्यावी लागते, अगदी दोघांचे डेक एकाच घराण्यातले असले तरी.

माझा स्वतःचा एक डाव सांगतो. दोघांचेही डेक लाल होते. माझा जरा जड, चार मॅनाची क्रीचर असलेला. समोरच्याचा अगदी हलका. त्याने पहिल्या पाळीला गॉब्लिन गाइड टाकून लगेच दोन डॅमेज केले. माझ्या हातात लाइटनिंग बोल्ट होता, म्हणजे एका मॅनात तीन डॅमेज, हवे तर क्रीचरला, हवे तर थेट खेळाडूला. माझा डेक आक्रमक आहे या समजुतीने मी बोल्ट थेट त्याच्यावर टाकला. त्याचे लाइफ १७ झाले. गॉब्लिन मात्र दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पाळीलाही येत राहिला आणि त्याने आणखी आठ डॅमेज केले. तीन देऊन मी आठ घेतले. दोघांत वेगवान तो होता, त्यामुळे त्या सामन्यापुरता मी बचाव करणारा होतो. बोल्टने गॉब्लिन मारला असता, तर डाव माझ्या चार मॅनाच्या क्रीचरपर्यंत पोहोचला असता, आणि तिथून पुढे त्याच्या हलक्या कार्डांना माझ्याविरुद्ध फारसे काही करता आले नसते.

तेव्हापासून मी पहिल्या दोन पाळ्यांतच ठरवतो: हा डाव लांबला तर कोणाचा फायदा आहे? माझा असेल तर मी मारतो, अडवतो, थांबतो. समोरच्याचा असेल तर प्रत्येक डॅमेज त्याच्या लाइफवर जातो. कंट्रोल डेकविरुद्ध हल्ला करताना याला एक पुरवणी आहे. समोर चार लँड आणि त्यांत पांढरा मॅना दिसत असेल, तर सगळी क्रीचर मारणारे रॅथ ऑफ गॉड येऊ शकते, हे गृहीत धरावे. टेबलावरची दोन-तीन क्रीचर पुरेसा मार देत असतील, तर उरलेली हातातच ठेवावीत.

कंट्रोल डेकमध्ये जिंकण्याच्या साधनांची गर्दी

उलट बाजूची चूकही पाहण्यात येते. कंट्रोल डेक बांधताना 'पण मी जिंकणार कसा' या धास्तीने दहा-बारा मोठी क्रीचर भरली जातात आणि समोरच्याला रोखणारी कार्डे कमी पडतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ब्रायन वाइसमन यांचा 'द डेक' गाजला, त्यात जिंकण्यासाठी मुख्यतः दोन सेरा एंजल असत. पाच मॅनाची, चार ताकदीची, उडणारी आणि हल्ला करूनही बचावाला मोकळी राहणारी ही क्रीचर समोरच्याची सगळी साधने संपल्यावर येत असे, त्यामुळे दोनच पुरत.

हात ठेवावा की टाकावा

सात कार्डांत लँड किती एवढेच पाहून हात ठेवू नये. पाच लँड, एक रॅथ ऑफ गॉड आणि एक सेरा एंजल हा हात कंट्रोल डेकला चालण्याजोगा आहे. आक्रमक डेकला पाच लँड आणि दोन क्रीचर हा हात टाकण्याजोगा आहे, कारण तो वेळेत वीस डॅमेज करूच शकत नाही. २०१९ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे हात टाकल्यावर पुन्हा सात कार्डे मिळतात आणि जितक्या वेळा हात टाकला तितकी कार्डे डेकच्या तळाशी ठेवावी लागतात. कोणते कार्ड तळाशी घालायचे हे आपण निवडतो, त्यामुळे सहा कार्डांचा हात पूर्वीइतका दुबळा राहिलेला नाही. एका लँडचा हात 'पुढे येईल' या आशेवर ठेवण्यापेक्षा तो टाकलेला बरा.

साइडबोर्डने डेक मोडणे

पहिल्या डावानंतर साइडबोर्डमधून, म्हणजे बाजूला ठेवलेल्या १५ जादा कार्डांमधून, अदलाबदल करता येते. ही मुभा कॉम्बो खेळणाऱ्यांना विशेष घातक ठरते. डिसीव्हर एक्झार्क हे क्रीचर आणि त्याला लावायचे स्प्लिंटर ट्विन हे कार्ड ही प्रसिद्ध जोडी आहे: ट्विन लावलेला एक्झार्क आडवा करून (म्हणजे वापरला गेल्याची खूण म्हणून वळवून) स्वतःची प्रत बनवतो, ती प्रत येताच मूळ एक्झार्कला पुन्हा उभे करते, आणि हे चक्र हवे तितक्या वेळा फिरवून हल्ल्यासाठी अगणित प्रती तयार होतात. ट्विनवर मॉडर्न या स्पर्धाप्रकारात २०१६ मध्ये बंदी आली आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती उठली. प्रतिस्पर्ध्याला रोखण्याच्या भरात या जोडीतलीच तीन-चार कार्डे बाहेर काढली, तर डेक नीट बचावही करत नाही आणि जुळणीही वेळेत होत नाही. आत किती कार्डे घ्यायची ते आधी न ठरवता, बाहेर किती काढली तरी मूळ बेत शाबूत राहतो, ते आधी मोजावे.

दोन डाव हरून दहा कार्डे बदलणे

निदान न करता औषध बदलण्याचा हा प्रकार आहे. यदृच्छेचा वाटा एवढा मोठा असलेल्या खेळात दोन डावांवरून काहीच कळत नाही. मी एक वही ठेवतो आणि हरलेल्या प्रत्येक डावानंतर त्यात दोनच गोष्टी लिहितो: डाव कोणत्या पाळीला हातातून गेला, आणि हरताना माझ्या हातात कोणती कार्डे उरली होती. उरलेली कार्डे फार बोलकी असतात. चार-पाच मॅनाची कार्डे वारंवार उरत असतील, तर त्यांची संख्या जास्त आहे किंवा लँड कमी आहेत. स्वस्त कार्डे उरत असतील, तर बहुधा आपण ती राखत बसलो होतो आणि भूमिका ओळखण्यात चूक झाली. काउंटरस्पेल उरत असतील, तर समोरच्याची कार्डे त्यासाठी मॅना उभा राहण्याआधीच टेबलावर उतरत आहेत आणि पहिल्या दोन पाळ्यांसाठी एखादे स्वस्त उत्तर हवे आहे. हात पूर्ण रिकामा असतानाही हरत असू, तर आक्रमक डेकला शेवटचे चार-पाच लाइफ घेता येत नाहीत असे समजावे आणि एखाद्या क्रीचरऐवजी थेट डॅमेज करणारे कार्ड घालून पाहावे. असे दहा डाव वहीत उतरले, की एका वेळी दोनच कार्डे बदलावीत, आणि पुढचे दहा डाव त्या दोन कार्डांवर नजर ठेवून खेळावेत.