श्रेयनोंद कशी करावी: पुस्तक, शोधनिबंध आणि नक्षीचे काम करणाऱ्यांसाठी

पुस्तकाची शेवटची प्रुफे हाती आल्यावर श्रेयाचा विषय काढला, तर तो हमखास भांडणावर जातो. तोवर प्रत्येकाने आपल्या मनाशी आपली जागा ठरवून ठेवलेली असते आणि मुखपृष्ठावरची जागा तर एकच असते. सोलापुरात महाविद्यालयाचा चर्चासत्र-ग्रंथ, मंडळाची स्मरणिका, एखाद्या पेठेचा इतिहास आणि पीएच.डी.च्या ओघात लिहिलेला शोधनिबंध या सगळ्यांवर बहुधा तीच ओळखीची माणसे राबत असतात. त्यामुळे एका पुस्तकावरून आलेला दुरावा पुढच्या चार कामांना भोवतो. म्हणून श्रेयाची बोलणी कामाला हात घालण्यापूर्वी करावी, ती कागदावर उतरवावी आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेले काम त्या कामाच्याच नावाने नोंदवावे.

हा कागद म्हणजे करारनामाच असला पाहिजे असे नाही. कोण काय करणार, ते कोठे आणि कोणत्या शब्दांत छापले जाणार, मध्येच कोणी काम सोडले तर झालेल्या कामाची नोंद कशी राहणार आणि मानधन किंवा स्वामित्वधन (रॉयल्टी) असल्यास ते कसे वाटले जाणार, एवढे एका पानात मावते. त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि काम बदलले की कागदही बदलावा.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. समजा, शहराच्या पूर्व भागातील विडी कामगार स्त्रियांच्या आठवणींचे मराठी पुस्तक करायचे आहे. सांगणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकजणी तेलुगूत बोलणार. एक कार्यकर्ती त्यांना विश्वासात घेऊन मुलाखती घेणार. दुसरे कोणी ध्वनिमुद्रण ऐकून तेलुगू मजकूर उतरवून काढणार, तिसरे त्याचा मराठी अनुवाद करणार, संपादक निवड व क्रम ठरवून टिपा लिहिणार आणि छायाचित्रे आणखी कोणाची असणार. रूढ पद्धतीने गेल्यास मुखपृष्ठावर संपादकाचे नाव येते आणि उरलेले सगळे ‘ज्ञात-अज्ञात हातांचे आभार’ या वाक्यात बुडतात. मनोगतातले हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते, कारण ते लिहिणाऱ्याला ऋण फेडल्याचे समाधान मिळते आणि ज्याचे ऋण असते त्याच्या हाती काहीच लागत नाही. एका तासाचे ध्वनिमुद्रण उतरवायला कित्येक तास बसावे लागते, आणि तेलुगूतला कामगार वस्तीतला ठसका मराठीत आणणे ही तर स्वतंत्र लेखनशक्तीची कसोटी आहे.

त्याऐवजी शीर्षकपृष्ठावर ‘कथन’ या शब्दाखाली सांगणाऱ्या स्त्रियांची नावे वर्णानुक्रमाने द्यावीत. त्याखाली ‘मुलाखती’, ‘तेलुगू संहिता’, ‘मराठी अनुवाद’, ‘संपादन आणि टिपा’ व ‘छायाचित्रे’ अशा ओळी याव्यात आणि प्रत्येक ओळीपुढे एकेकाचे नाव असावे. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मांडणी आणि मुखपृष्ठ यांची नावे मागच्या पानावर, म्हणजे प्रकाशकाचा पत्ता व आवृत्तीची तारीख असते तेथे द्यावीत. अनुवादकाचे नाव मात्र मुखपृष्ठावरच हवे. नाव छापण्यापूर्वी प्रत्येक स्त्रीची संमती तिच्या भाषेत समजावून घ्यावी. एखादीला खरे नाव नको असेल तर बदललेले नाव वापरावे आणि नाव बदलल्याचे पुस्तकात नमूद करावे. नाव लपवण्याचा निर्णय संपादकाने तिच्या वतीने परस्पर घेऊ नये.

याच्या शेजारचा आणि मराठीत फार प्रचलित असलेला प्रकार म्हणजे शब्दांकन. एखादा कामगार पुढारी, पैलवान किंवा उद्योजक आपले आयुष्य सांगतो आणि दुसरा ते लिहितो. येथे आयुष्य एकाचे आणि वाक्ये दुसऱ्याची असतात. अशा पुस्तकावर सांगणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत आणि ‘शब्दांकन’ असे लिहून दुसऱ्याचे नाव त्याच मुखपृष्ठावर असावे. ते आतल्या पानावर ढकलू नये. लिहिणाऱ्याने आधीच तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: नाव कोठे येणार, पुढच्या आवृत्त्यांत ते राहणार का आणि स्वामित्वहक्क कोणाकडे असणार. कायद्याचे संरक्षण घटनेला किंवा कल्पनेला नसते, तिच्या शब्दमांडणीला असते. त्यामुळे हे आधी ठरले नाही तर पुढे दोन्ही बाजूंना आपलीच बाजू खरी वाटते.

कोणते काम लेखनाच्या श्रेयास पात्र नाही, हेही स्पष्ट असावे. जागा देणे, निधी मिळवून देणे, शिफारसपत्र देणे किंवा विभागप्रमुखाच्या खुर्चीत असणे यांची नोंद ऋणनिर्देशात सन्मानाने करावी, परंतु लेखकांच्या यादीत त्यांना स्थान नाही. (स्मरणिकेच्या संपादक मंडळात दोन डझन नावे असतात आणि प्रुफे घेऊन छापखान्याच्या खेपा घालणारा नेमका त्यांत नसतो, हे दृश्य कोणाला नवे नाही.)

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे हा हक्क टिकतो. दोघांचे योगदान एकमेकांपासून वेगळे काढता येत नसेल तरच कायद्याच्या दृष्टीने ती संयुक्त कृती होते. पहिली पाच प्रकरणे एकाची आणि पुढची पाच दुसऱ्याची असतील, तर प्रत्येक प्रकरणाखाली त्याच्या लेखकाचे नाव घालणे हाच सरळ मार्ग आहे. हक्क दुसऱ्याकडे सोपवायचा तर सहीनिशी लेखी दस्त लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे कलम १९ मानते. नोकरीत असलेल्या पत्रकाराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या सदराबाबत, वेगळा करार नसल्यास, वृत्तपत्राच्या मालकाचा हक्क नियतकालिकातील प्रसिद्धीपुरता असतो. त्या सदराचे पुस्तक करण्याचा हक्क लेखकाकडे राहतो, आणि ही गोष्ट अनेक पत्रकारांना ठाऊक नसते.

श्रेयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे ते कलम ५७. हक्क पूर्णपणे विकल्यानंतरही ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा, तसेच आपल्या प्रतिष्ठेला बाध आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार त्या कलमाने लेखकाकडेच ठेवला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने उतरवून मोडकळीस आणले, म्हणून शिल्पकार अमरनाथ सेहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तेव्हा ‘मानधन दिले आहे, आता नावाचा प्रश्न येतोच कोठे’ असे कोणी म्हणाले, तर या कलमाकडे बोट दाखवावे.

शोधनिबंधाची रीत वेगळी आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपदासाठी चार अटी घातल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात: संशोधनाची आखणी, माहितीचे संकलन किंवा तिचे विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्याचे चिकित्सक पुनर्लेखन, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि निबंधातील प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घेण्याची तयारी. माझ्या मते मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्राच्या विभागांनीही ही कसोटी जशीच्या तशी घ्यावी. शेवटची अट लावून पाहिली की ‘सन्मानार्थ’ घातलेली बरीच नावे आपोआप गळतात. याशिवाय ‘क्रेडिट’ या नावाने ओळखली जाणारी १४ भूमिकांची एक पद्धत आहे. संकल्पना, पद्धती, माहितीची देखभाल, पहिला मसुदा, देखरेख अशा भूमिकांपुढे ज्याची त्याची नावे लिहिली जातात. नियतकालिकाने मागितली नसली तरी निबंधाच्या शेवटी अशी तीन-चार वाक्ये घालावीत. प्रश्नावली घेऊन यंत्रमाग कारखान्यांत फिरलेल्या विद्यार्थ्याचे काम त्यामुळे निदान दिसते.

नावांच्या क्रमावर आपल्याकडे जो ताण येतो, त्यामागे प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी व बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या गुणांचे गणित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दोन लेखक असल्यास प्रत्येकाला प्रकाशनाच्या गुणांपैकी ७० टक्के मिळतात. दोनपेक्षा अधिक असल्यास प्रथम, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के मिळतात. त्यामुळे तिसरे नाव घालताच कोणाचे तरी गुण निम्म्याहून कमी होतात. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांनी हे गणित पहिल्याच बैठकीत मोकळेपणाने बोलून घ्यावे. प्रबंधातून निघालेल्या निबंधात, लेखन विद्यार्थ्याचे असेल तर, पहिले नाव विद्यार्थ्याचेच असावे आणि हा विषय मार्गदर्शकाने स्वतःहून काढावा, कारण विद्यार्थ्याला तो काढता येत नाही. लग्नानंतर आडनाव बदलले किंवा आद्याक्षरे कधी मागे कधी पुढे आली की एकाच व्यक्तीचे निबंध दोन नावांखाली विखुरतात. त्यावर ऑर्किड हा संशोधकाची ओळख पटवणारा १६ अंकी विनामूल्य क्रमांक घेऊन ठेवावा आणि प्रत्येक निबंधासोबत तो द्यावा.

जुन्या संहितेवर काम करणाऱ्यांना श्रेयाचा एक उत्तम नमुना सोलापुरातच सापडेल. येथील जीवराज जैन ग्रंथमालेने यतिवृषभाचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मूळ ग्रंथकार यतिवृषभ, संपादक आ. ने. उपाध्ये व हिरालाल जैन आणि हिंदी अनुवाद पंडित बालचंद्र यांचा, असे वेगवेगळे श्रेय आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या वह्यांतील अभंग किंवा लावण्या संकलित करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. शेवटच्या चरणात ‘नामा म्हणे’ आले म्हणजे रचना संत नामदेवांचीच असे धरू नये, कारण विष्णुदासनामा या नंतरच्या कवीच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आहेत. अशा ठिकाणी ‘नाममुद्रा: नामा, वही अमुक घराण्याची’ एवढेच लिहावे आणि कर्तृत्वाविषयीचे आपले मत टिपेत द्यावे.

नक्षी काढणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते शहराच्या नावाचे सामूहिक रक्षण करते, पण जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागासाठी आलेखाच्या कागदावर चौकट-चौकट भरून फुलाची नक्षी बसवणाऱ्या कारागिराचे नाव त्यात कोठेच येत नाही. शिवाय, नोंदणीयोग्य नक्षी नोंदवली नाही आणि तिच्यापासून औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक नग निघाले, तर त्या नक्षीवरचा स्वामित्वहक्कही संपतो, असे स्वामित्वहक्क अधिनियमाचे कलम १५ सांगते. म्हणून माल बाजारात आणण्यापूर्वीच डिझाइन अधिनियम, २००० खाली नोंदणी करावी. ती १० वर्षे चालते आणि पुढे ५ वर्षांनी वाढवता येते. नक्षी मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढली असेल तर मालकी ती काढून घेणाऱ्याची ठरते. तरीही मूळ कागदावर स्वतःचे नाव व तारीख घालून एक प्रत जपून ठेवावी, आणि कारखानदाराने नमुना-वहीत नक्षीकाराचे नाव लिहावे. त्याला यात एक ओळ लिहिण्यापलीकडे काही खर्च येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला सहलेखक करू नये. ते जबाबदारी घेऊ शकत नाही, म्हणून संशोधन नियतकालिकांच्या आचारसंहितांनी ते नाकारले आहे. वापर केला असेल तर कशासाठी केला, ते निबंधात लिहावे.

श्रेय चुकले किंवा राहून गेलेच, तर आधी प्रकाशकाला लेखी कळवावे आणि पत्रासोबत सुरुवातीचे ते सह्यांचे पान जोडावे. शोधनिबंध असल्यास नियतकालिकाकडे दुरुस्ती छापण्याची मागणी करावी. पुस्तक असल्यास शिल्लक प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवून घ्यावी आणि पुढच्या आवृत्तीत शीर्षकपृष्ठ बदलण्याचे लेखी आश्वासन मिळवावे. तीच चिठ्ठी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या, जेथे प्रती गेल्या असतील त्या ग्रंथालयांनाही पाठवावी आणि नोंदसूचीतील नाव दुरुस्त करण्याची विनंती करावी. पुढचा अभ्यासक पुस्तक उघडण्याआधी सूचीच पाहतो आणि संदर्भ देतानाही बहुधा तिथलेच नाव उचलतो.